बाईंची कार्डं

माझ्या टेबलाच्या खणात पंधरा कार्डं आहेत. ग्रंथालयाची यादी संगणकावर गेली तेव्हा लाकडी कप्प्यांतली हजारो कार्डं रद्द झाली. आमच्या गावच्या ग्रंथालयानं ती टाकून दिली नाहीत, पाठकोरी म्हणून काउंटरवर ठेवली. पुढच्या बाजूला टाइप केलेलं कुठल्यातरी पुस्तकाचं नाव, खाली मधोमध सळई ओवण्यासाठी पाडलेलं भोक, आणि मागं पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन-तीन ओळी. त्या ओळी बाईंच्या. 2004 ते 2018, दर ऑक्टोबरात एक कार्ड.

बाई म्हणजे तिथल्या ग्रंथपाल. तिकडं सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारत, शाळकरी पोरंसुद्धा. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. जिच्याकडून शिकलो ती बाई, हे मराठी शाळेत अंगात भिनलेलं. तोंडानं मी त्यांचं नाव घेत असे, मनात मात्र पहिल्या दिवसापासून बाईच.

आम्ही मॅसॅच्युसेट्सला आलो ते 2003 च्या उन्हाळ्यात. आमचं गाव सेलमपासून गाडीनं वीस मिनिटांवर. सेलममध्ये 1692 साली चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसं फासावर दिली, एवढंच मला ठाऊक होतं. ऑक्टोबर लागला, मेपलची पानं पिवळी-तांबडी झाली, आणि घरोघरी पायऱ्यांवर भोपळे येऊन बसले. झाडांवर कापसाची कोळिष्टकं, अंगणात प्लॅस्टिकचे सांगाडे, दाराशी टोकदार टोपीची कापडी चेटकीण. माझी मुलगी पाच वर्षांची होती, ती हरखून गेली. मला मात्र शेजारच्या दारातल्या त्या चेटकिणीकडं बघवत नसे. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

त्यात वाचायला मराठी काही नाही. ऑक्टोबर म्हणजे दिवाळी अंकांचे दिवस. आमच्या घरी वडील मास्तर, पगार बेताचा, पण शाळेच्या वाचनालयातून अंकांची पेटी यायची आणि आम्ही भावंडं त्यावर तुटून पडायचो. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ कुणाच्या हाती आधी लागतात यावरून भांडणं व्हायची. रात्री धारपांची गोष्ट वाचायची आणि मग अंगणात जायला घाबरायचं. इथं दादा पोस्टानं अंक पाठवायचा, ते पोचेपर्यंत नवं वर्ष उजाडायचं.

दुसऱ्या वर्षी मी मुलीला गोष्टींच्या तासाला ग्रंथालयात नेलं होतं. बाईंनी विचारलं, तुला काय वाचायला आवडतं? मला एकदम भरून आलं आणि मी त्यांना दिवाळी अंकांची सगळी कथा सांगितली. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आमच्याकडं शरद ऋतू म्हणजे वाचायचे दिवस, असं काहीबाही. बाई काउंटरवर कोपर टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “ऋतूचं वाचन आमच्याकडंही असतं. पण लोक जसं वाचतात तसं तू वाचू नकोस.” आत जाऊन त्यांनी एक पुस्तक आणलं, कार्डावर काहीतरी खरडलं आणि ते कार्ड पुस्तकात खोचून माझ्या हातात दिलं.

एलिझाबेथ जॉर्ज स्पीअर यांची ‘द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड’. 1958 ची, किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी. पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं होतं. काळ 1687, ठिकाण कनेक्टिकटमधलं वेदर्सफील्ड. बार्बाडोसहून आलेली किट नावाची मुलगी. तिला पोहता येतं, म्हणून गावाला तिचा संशय. आणि गावाबाहेर गवताळ कुरणात तळ्याकाठी एकटी राहणारी हॅना नावाची म्हातारी. ती क्वेकर पंथाची, म्हणून गाव तिला चेटकीण म्हणतं. साथ येते, पोरं तापानं फणफणतात, आणि गाव मशाली घेऊन म्हातारीच्या झोपडीकडं निघतं.

कार्डावर लिहिलं होतं : आधी कादंबरी, मग कागद, मग पुन्हा कादंबरी. आणि खाली : या गोष्टीत तू कोण आहेस?

वाचताना मी किट होते. सगळे वाचक किटच होतात, लेखिकेनं तशी सोयच केलेली आहे. पुस्तक परत करताना मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, “ते पहिल्यांदा वाचताना. दुसऱ्यांदा वाचशील तेव्हा मशालवाल्यांत बघ.”

दुसऱ्या वाचनाला मला तीन वर्षं लागली.

मधल्या वर्षांत बाईंनी मला रीतसर शिकवलं. आर्थर मिलरचं ‘द क्रुसिबल’ दिलं, 1953 चं, आणि सोबत सेलमच्या खटल्याच्या छापील कागदपत्रांचे तीन जाडजूड खंड. मिलरनं 1952 साली स्वतः सेलमला येऊन हे कागद वाचले होते. तरीही नाटकात त्याला हवे ते बदल त्यानं केले. नाटकातली आरोप करणारी अ‍ॅबिगेल सतरा वर्षांची आहे, कागदावरची अकरा-बारा. नाटकातला आरोपी जॉन प्रॉक्टर तिशीतला, खरा साठीचा. त्या दोघांचं प्रेमप्रकरण कागदात कुठंच नाही. मला राग आला. एका लहान मुलीला नाटकासाठी मोठी केली आणि सगळा दोष तिच्या देहावर टाकला, हे मला आजही पटत नाही. नाटक मोठं आहे, त्यातला शेवटचा अंक वाचताना घसा दाटतो, पण हा हिशेब त्याच्याकडं बाकी राहतोच. बाई माझ्याशी वाद घालत नसत. “कागद वाचलेस म्हणून तुला राग आला,” एवढंच म्हणाल्या.

मग टिट्युबा आली. पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरची गुलाम बाई. कागदांत तिला इंडियन, म्हणजे अमेरिका खंडातली मूळ रहिवासी, म्हटलं आहे, नंतरच्या लोकांनी तिला आफ्रिकन केलं. अ‍ॅन पेट्रीनं 1964 साली तिच्यावर कादंबरी लिहिली, मरीझ काँदेनं 1986 साली फ्रेंचमधून. त्या ऑक्टोबरात बाईंनी दोन्ही एकदम दिल्या. पेट्रीची टिट्युबा घरकामात बुडालेली असते. चूल, लाकडं, दूध, आजारी मालकीण. ते वाचताना मला त्या घरातली थंडी अंगावर जाणवत होती. काँदेची टिट्युबा बोलते, प्रेम करते, शेवटी बार्बाडोसला परत जाते. कागदातली टिट्युबा यातलं काही करत नाही. ती कबुली देते आणि म्हणून वाचते, कारण त्या खटल्यात कबुली देणाऱ्याला फाशी होत नव्हती, नाकबूल करणाऱ्याला होत होती. मग ती वर्षाहून जास्त काळ तुरुंगात राहते. तुरुंगातल्या खाण्याचे आणि बेड्यांचे पैसेही कैद्याकडूनच वसूल करत. पॅरिसनं तिचे पैसे भरले नाहीत. कुणीतरी ते भरून तिला विकत नेलं आणि तिथं कागद संपतात. जिथं कागद संपतो तिथं कादंबरीचं काम सुरू होतं, हे मला त्या दोन पुस्तकांनी दाखवलं. दाखवलं बाईंनी, खरं तर.

त्याच कागदांत एक प्रसंग आहे. पॅरिसच्या नऊ वर्षांच्या बेटीला आणि तिच्या नात्यातल्या बहिणीला झटके येऊ लागले. तेव्हा मेरी सिबली नावाच्या शेजारणीनं उतारा सुचवला : मुलींची लघवी राय धान्याच्या पिठात कालवायची, ती भाकर भाजायची आणि कुत्र्याला घालायची. म्हणजे छळणारी कोण ते कळेल. भाकर टिट्युबा आणि तिच्या नवऱ्यानं भाजली. मी वाचता वाचता थांबले. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकणारे हात डोळ्यांपुढं आले. तडतडल्या की दृष्ट लागली होती, असं म्हणणारे. मेरी सिबली चर्चची सभासद होती. तिनं भर चर्चमध्ये रडून माफी मागितली आणि तिचा विषय तिथंच मिटला. टिट्युबा तोवर बोस्टनच्या तुरुंगात होती.

एका ऑक्टोबरात मी तक्रार केली, की सेलममध्ये पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडं काळ्या टोप्या, या दिवसांत हे पुस्तक वाचणंच नको वाटतं. तेव्हा बाईंनी मला तारखा लिहून दिल्या. ते कार्ड माझ्याकडं आहे. पहिली फाशी, ब्रिजेट बिशपची, 10 जूनला. मग 19 जुलैला पाच बायका. 19 ऑगस्टला पाच जण. 19 सप्टेंबरला ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरीला, तो न्यायालयापुढं आपला जबाब देईना म्हणून, अंगावर दगड रचून मारलं. 22 सप्टेंबरला शेवटचे आठ. एकूण 19 जण फासावर गेले, त्यांत 14 बायका. तुरुंगात मेले ते वेगळे. त्या यादीखाली बाईंनी रेघ मारली होती आणि लिहिलं होतं : ऑक्टोबरात एकही नाही.

ऑक्टोबर हा ते थांबल्याचा महिना. त्या महिन्याच्या सुरुवातीला बोस्टनच्या इन्क्रीज मॅदर या धर्मगुरूनं मांडलं, की अमक्याची छाया येऊन मला चिमटे काढते, असा पुरावा माणसाचा जीव घ्यायला पुरेसा नाही. सगळा खटला उभा होता तो याच पुराव्यावर. माणूस घरी झोपलेलं असलं तरी त्याची छाया बाहेर पडून छळ करते म्हणे, आणि ती छाया फक्त फिर्यादीला दिसते. त्याविरुद्ध आरोपीनं सांगायचं तरी काय? 29 ऑक्टोबरला गव्हर्नर विल्यम फिप्सनं ते न्यायालयच मोडलं. पुढं दुसऱ्या न्यायालयात छायेचा पुरावा चालला नाही आणि बहुतेक सगळे सुटले.

“सुरू कसं झालं हे प्रत्येक कादंबरी सांगते,” बाई म्हणाल्या. “ऑक्टोबरात वाचायचं ते थांबलं कसं हे शोधायला. आणि थांबायला इतका उशीर का लागला, ते.”

2007 च्या ऑक्टोबरात त्यांनी पुन्हा ‘ब्लॅकबर्ड पाँड’ दिलं, आणि एका रविवारी मला डॅनव्हर्सला घेऊन गेल्या. 1692 चं सेलम व्हिलेज म्हणजे आजचं डॅनव्हर्स. तिथं रिबेका नर्सचं जुनं घर आहे, गडद रंगाच्या फळ्यांचं, मागं शेत आणि शेताच्या टोकाला झाडीत घरच्यांची दफनभूमी. रिबेका 71 वर्षांची होती, आठ लेकरांची आई. तिचा खटला चालला तेव्हा पंचांनी आधी निर्दोष म्हणून सांगितलं. फिर्यादी मुलींनी आकांत मांडला. मुख्य न्यायाधीशांनी पंचांना तिच्या एका वाक्याचा पुन्हा विचार करायला सांगितलं. त्या वाक्याचा अर्थ काय, असं पंचांच्या प्रमुखानं तिला कठड्याशी विचारलं. ती काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ त्यांनी लावला आणि निकाल फिरवला. नंतर तिनं लिहून कळवलं, की मला ऐकू कमी येतं, मी दुःखात होते, मला कुणी काही विचारलं हेच मला कळलं नाही.

बाईंनी हे मला त्या दफनभूमीत उभ्या उभ्या सांगितलं. पायाखाली ओकची पानं होती. आणि मला आमच्या गल्लीतली बहिरी दिसली.

ती गोष्ट मी त्याआधी कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही. त्या दिवशी त्या शेताच्या कडेला बाईंना सांगितली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, कारण ती मला मराठीतच आठवत होती.

सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव. मास्तरांची गल्ली, शिकलेली माणसं. गल्लीच्या शेवटी एकटी म्हातारी राहायची. तिला ऐकू येत नसे, म्हणून सगळे तिला बहिरी म्हणत. ती धान्य निवडून द्यायची आणि गोधड्या शिवायची. माझ्या लहानपणीच्या झबल्यांचे, आईच्या जुन्या पातळांचे तुकडे जोडून तिनं माझी गोधडी शिवली होती. टाके इतके बारीक, की बोटानं चाचपले तर ज्वारीच्या कणीसारखे लागायचे. आम्ही पोरं तिच्या दाराशी जाऊन ओरडायचो, ती वळून बघायची नाही, मग आम्ही म्हणायचो, डाकीण आहे ती, डाकीण उत्तर देत नाही. हा शब्द आम्हाला कुणी शिकवला नव्हता. तो तिकडच्या हवेतच होता. त्या शब्दापायी डोंगरात बायकांना मारहाण होते, गावाबाहेर काढतात, हे मोठ्यांना माहीत होतं. आम्हालाही थोडं थोडं माहीत होतं.

1981 च्या भाद्रपदात मला ताप आला. दिवसाआड हुडहुडी भरायची. मी नऊ वर्षांची होते, बेटी पॅरिसएवढीच. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारच्या काकू उशाशी येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, “कोणी पाहिलं गं तुझ्याकडं?” पाहिलं का, असं नाही. कोणी पाहिलं. सेलमचे कागद वाचताना मला याच्यासाठीच धडकी भरत असे. तिथला दंडाधिकारी जॉन हॅथॉर्न आरोपी बाईला तू मुलांना छळतेस का, असं विचारत नाही, का छळतेस असंच विचारतो. मी काकूंना म्हटलं, बहिरीनं. ती दुपारी दारावरून गेली होती आणि तिनं माझ्याकडं पाहिलं होतं, हे खरंच होतं. काकूंना बरं वाटलं, आईला वाटलं आता उपाय सापडला, सगळे माझ्याभोवती जमले. मला ते आवडलं. हे लिहायला अवघड आहे, पण मला ते आवडलं होतं.

दवाखान्यातल्या कडू गोळ्यांनी मी दहा दिवसांत बरी झाले. हिवताप होता. पण माझ्या अंगावरची गोधडी आईनं आधीच काढून परसात टाकली होती. ती तिथं उन्हापावसात पडून राहिली. तिला हात लावायला कुणी धजेना. बहिरीला निवडायला धान्य देणं बंद झालं. नळावर तिची घागर रांगेतून बाजूला सरकवली जायची. कारण काय ते तिला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ऐकू गेलं नसतं. कुणी तिच्यावर हात टाकला नाही, आमची गल्ली सुसंस्कृत होती. दिवाळीच्या आधी ती दाराला कडी घालून निघून गेली. बहिणीच्या गावाला गेली असं म्हणतात.

बाई हे सगळं ऐकून घेत उभ्या होत्या. तू लहान होतीस, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला पलीकडच्या दुसऱ्या दगडापाशी नेलं. रिबेकासाठी तिच्या वंशजांनी 1885 साली खांब उभा केला, तो पहिला. हा दुसरा, 1892 चा, तिच्या शेजाऱ्यांसाठी. खटला चालू असताना चाळीसेक शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या होत्या, की आम्ही हिला कैक वर्षं ओळखतो, हिच्याबद्दल वावगं काही आमच्या कानावर नाही. सही करणाऱ्याचंच नाव पुढच्या वॉरंटावर येऊ शकलं असतं, असे ते दिवस. त्या सह्यांत एलिझाबेथ पोर्टरची सही आहे. ती दंडाधिकारी हॅथॉर्नची सख्खी बहीण. जोनाथन पुट्नमची आहे. रिबेकाविरुद्ध पहिली तक्रार ज्या दोघांनी नोंदवली त्यांतला हा एक. नंतर त्याचं मन पालटलं आणि त्यानं दुसऱ्या कागदावर सही केली.

“तिला वाचवू शकले नाहीत ते,” बाई म्हणाल्या. “पण नाव लिहिलं.” मग विचारलं, “तुमच्या गल्लीत कोण लिहू शकलं असतं?”

मी म्हटलं, माझे वडील. ते विज्ञान शिकवायचे. डास आणि हिवताप हा धडा ते आम्हाला फळ्यावर आकृती काढून शिकवत. त्या दहा दिवसांत ते घरातच होते.

त्यानंतरच्या वर्षांत बाई मला देत गेल्या आणि मी वाचत गेले. फासावर गेलेल्या मार्था कॅरिअरच्या वंशातल्या कॅथलीन केंटनं 2008 साली लिहिलेली ‘द हेरेटिक्स डॉटर’, पुढच्या वर्षी कॅथरीन हाऊची, त्याच खटल्यातल्या डेलिव्हरन्स डेनवरची. हॉथॉर्नच्या कथा, त्यानं आपल्या आडनावात एक अक्षर वाढवलं ते दंडाधिकारी हॅथॉर्न या पूर्वजाच्या लाजेपोटी असं म्हणतात ते. सगळी पुस्तकं सारखी चांगली नव्हती. जिच्यात चेटूक खरंच चालतं अशी कादंबरी मला परकी वाटते, कारण मग त्या 19 जणांचा निरपराधपणाच निसटतो. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याशी पूर्ण सहमत झाल्या.

परतफेड म्हणून मी एकच गोष्ट देऊ शकले. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’बद्दल मी त्यांना सांगितलं होतं. 1967 चं नाटक, खेळ म्हणून मांडलेलं कोर्ट आणि त्यात हळूहळू खरोखरच आरोपी होत गेलेली बेणारे बाई. बाईंनी त्याचा इंग्रजी अनुवाद दुसऱ्या ग्रंथालयातून मागवला, आठवड्याभरात वाचला. परत भेटल्या तेव्हा पुस्तक छातीशी धरलेलं. म्हणाल्या, “इथं तर चेटकीणही लागली नाही.”

2013 च्या 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, त्याचा वटहुकूम काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात तो विधिमंडळात मंजूर झाला. त्या डिसेंबरात वडिलांचा फोन आला. एरवी ते फोनवर हवापाण्यापलीकडं बोलत नसत. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. म्हणाले, “कायदा झाला.” मग थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं लाइन कट झाली. मग म्हणाले, “ती गोधड्या शिवायची ती म्हातारी तुला आठवते?” मी हो म्हटलं. “मी तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता. तुला हिवताप आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.”

बत्तीस वर्षं आम्ही दोघं एकाच गोष्टीवर बसून होतो, एकमेकांना न सांगता.

2016 साली संशोधकांनी फाशीची खरी जागा नक्की केली. सेलममधला प्रॉक्टर्स लेज नावाचा लहानसा खडक, आता एका औषधांच्या दुकानाच्या मागं. 19 जुलै 2017 ला तिथं स्मारक उभं राहिलं, रिबेकाला फाशी दिल्याला त्या दिवशी 325 वर्षं झाली होती. बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, काठी घेऊन चालत होत्या. गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघी गेलो. भिंतीत 19 नावांचे दगड आहेत. बाईंनी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं, हळूहळू, हजेरी घ्यावी तसं. मध्ये थांबल्या की मी पुढचं वाचायचे.

शेवटचं कार्ड 2018 चं. अक्षर थरथरलेलं. त्यावर पुस्तकाचं नाव नाही. फक्त एक प्रश्न आहे : तुझ्या म्हातारीचं नाव काय होतं? 2019 च्या वसंतात बाई गेल्या. उत्तर द्यायचं राहिलं, कारण मला ते माहीत नव्हतं. गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. दादाला विचारलं, त्यालाही बहिरी एवढंच आठवत होतं.

2022 च्या उन्हाळ्यात बातमी आली, की एलिझाबेथ जॉन्सन हिला मॅसॅच्युसेट्सनं निर्दोष ठरवलं. 1693 साली तिला दोषी ठरवलं होतं. फाशी टळली, पण तिचं नाव पुढं कुठल्याच माफीच्या कायद्यात आलं नाही, राहूनच गेलं. नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी तो विषय लावून धरला. बाई असत्या तर त्यांनी त्या मुलांना ग्रंथालयात बोलावलं असतं, खाऊ दिला असता. मी बातमी वडिलांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. आठवीची मुलं म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

त्यावर ते काही बोलले नाहीत. वय 84, गुडघे गेलेले. पण ऑक्टोबरात एका सकाळी, त्यांच्याकडची संध्याकाळ, फोन वाजला. ते ग्रामपंचायतीत जाऊन आले होते, एकदा नाही, चार वेळा. घरपट्टीच्या जुन्या वह्या काढायला लावल्या होत्या. ग्रामसेवक त्यांच्या एका विद्यार्थ्याचा मुलगा निघाला. 1980 च्या वहीत, आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरापुढं मालकाच्या रकान्यात तिचं नाव होतं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या आणि आडनावासकट.

“लिहून घे,” वडील म्हणाले.

मी त्याच आठवड्यात ग्रंथालयातून एक कोरं कार्ड आणलं होतं, सवयीनं. ते खणातून काढलं, पेन्सिल घेतली. ते नाव इथं लिहीत नाही, तिच्या बहिणीकडची माणसं असतील. कार्डावर लिहिलं, मग फोनवर त्यांना वाचून दाखवलं.

“शेवटच्या अक्षराला वेलांटी कुठली दिलीस?”

पहिली, मी म्हटलं.

“दुसरी आहे. वहीत दुसरी आहे. नीट कर.”

मी खोडलं आणि दुसरी दिली.